लिंबाकडून बुरशीकडे : आम्लतेवर उभ्या राहिलेल्या एका धंद्याचा इतिहास

जगात आज विकल्या जाणाऱ्या सायट्रिक आम्लाचा जवळजवळ सर्व भाग ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी तयार करते. तिला साखर, मळी किंवा मक्याच्या स्टार्चपासून काढलेले ग्लुकोज पुरवले जाते आणि काही दिवसांत ती त्या साखरेचा मोठा भाग आम्लाच्या रूपाने भोवतालच्या द्रवात सोडून देते. सरबतात, ढोकळ्यात, मुरांब्यात आणि शीतपेयांत पडणारे लिंबूसत्त्व याच मार्गाने येते. विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्यापार सिसिलीतील लिंबांच्या बागांवर चालत होता. तो तेथून उठून अमेरिकेतील बुरशीच्या परातींमध्ये कसा गेला हे उद्योगांच्या इतिहासात अनेकदा सांगितले गेले आहे. परंतु हे स्थलांतर शक्य झाले ते एका गोष्टीमुळे : द्रवाची आम्लता आणि त्या आम्लतेला बुरशीने दिलेला प्रतिसाद. कारखानदारांना हा प्रतिसाद हाताळता आला तो १९१७च्या सुमारास आणि बुरशीच्या जनुकांमध्ये त्यामागची यंत्रणा सापडू लागली ती त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. या दोन टप्प्यांचा इतिहास सहसा वेगवेगळा लिहिला जातो, पण तो एकत्र वाचल्याशिवाय दोहोंपैकी एकही नीट समजत नाही.

लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक प्रथम वेगळे केले ते स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले यांनी, १७८४ साली. त्यांची रीत साधी आणि टिकाऊ ठरली : तापवलेल्या रसात चुना किंवा खडू घातला की आम्ल त्याच्याशी संयोग पावून कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा साका खाली बसतो, तो गाळून, धुऊन त्यावर गंधकाम्ल घातले की कॅल्शियम जिप्समच्या रूपाने बाजूला पडते आणि मोकळे झालेले सायट्रिक आम्ल पाण्यात उरते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जॉन आणि एडमंड स्टर्ज या बंधूंनी या रीतीवर कारखानदारी उभी केली आणि औषधे, पेये व सुती कापडावरील छपाई या तिन्ही व्यवसायांतून आम्लाला मागणी येऊ लागली. कच्चा माल मात्र भूमध्य समुद्राकाठचाच राहिला. सिसिलीतील मेसिना आणि पालेर्मो यांच्या भोवतालच्या बागांतून निवडक फळे जहाजांनी परदेशी जात. वाऱ्याने पडलेली, डागाळलेली, आकाराने लहान अशी जी फळे उरत, त्यांच्या सालीतून आधी तेल काढले जाई, मग रस दाबून काढून आटवला जाई किंवा त्याचे सायट्रेट केले जाई. कोरडे सायट्रेट महिनोन्महिने टिकत असे आणि पिंपांत भरून दूरवर पाठवता येत असे, म्हणून रसापेक्षा त्याचाच व्यापार हळूहळू वाढला. निर्यातीस अयोग्य अशा फळातूनही पैसा उभा करणारा हा जोडधंदा सिसिलीच्या शेतकऱ्याला फार मोलाचा होता. भाव कोसळू लागले तेव्हा १९०८ साली इटालियन सरकारने कायदा करून मेसिना येथे लिंबूवर्गीय फळांपासून होणाऱ्या मालासाठी एक संस्था स्थापन केली आणि सायट्रेटची विक्री तिच्यामार्फत नियंत्रित करण्याचा प्रयत्न केला; त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला झालेल्या भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फायझर या औषध कंपनीसारखे मोठे खरेदीदार हाच इटालियन माल आणून आपल्या कारखान्यात त्याचे शुद्ध आम्ल करीत असत.

बुरशीचा प्रवेश या कथेत दुसऱ्याच दाराने झाला. फ्रान्समध्ये फिलिप व्हान टिगेम यांनी ओक वृक्षावरील मायफळांच्या काढ्यात वाढणाऱ्या काळ्या बुरशीचा अभ्यास करून १८६७ साली तिला ॲस्परजिलस नायजर हे नाव दिले. लुई पाश्चर यांचे शिष्य ज्यूल रोलँ यांनी लगेच दोन वर्षांनी, १८६९मध्ये, तीच बुरशी केवळ साखर आणि ठरावीक क्षार विरघळवलेल्या पाण्यात वाढवून दाखवली आणि जस्तासारखा धातू अत्यल्प प्रमाणात का होईना, तिला लागतोच हे सिद्ध केले. रोलँ यांच्या या द्रवात टार्टरिक आम्लही असे. आंबट द्रवात जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि बुरशीला मात्र तो मानवतो, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. पुढच्या अर्धशतकातील सर्व प्रगतीचे बीज या एका घटकात होते, पण त्याकडे केवळ शुद्धतेचे साधन म्हणून पाहिले गेले.

जर्मनीत कार्ल व्हेमर यांनी १८९३ साली असे जाहीर केले की, पेनिसिलियमशी जवळचे नाते असलेल्या काही हिरव्या बुरशा साखरेपासून सायट्रिक आम्ल तयार करतात. त्यांनी त्या बुरशांना सिट्रोमायसीस असे नावही दिले आणि त्यांच्यावर कारखाना चालवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. किण्वनाला, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून साखरेचे रूपांतर करवून घेण्याच्या क्रियेला, आठवडेच्या आठवडे लागत आणि तेवढ्या अवधीत द्रवात परकी बुरशी व जिवाणू शिरून सगळा घाणा नासत असे. याच व्हेमर यांनी त्याआधी काळ्या बुरशीचाही बारकाईने अभ्यास केला होता, पण त्यांच्या हाती आले होते ते ऑक्झॅलिक आम्ल. त्यामुळे काळी बुरशी ही ऑक्झॅलिक आम्लाची बुरशी अशी तिची ख्याती झाली. ज्या जीवावर पुढे सगळा व्यापार उभा राहिला, तो असा काही काळ बाजूला पडला.

आम्लता मोजण्याचे सोयीचे माप याच काळात मिळाले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली पीएच ही मोजणी सुचवली, जिला मराठीत, विशेषतः मातीच्या तपासणी अहवालात, सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्लता आणि त्यावर अल्कता, आणि प्रत्येक अंकागणिक आम्लतेत दहापटीचा फरक. म्हणजे सामू ३ असलेला द्रव सामू ६ असलेल्या द्रवाच्या हजारपट आम्ल असतो. किण्वनशास्त्राला या मापाने आम्लतेसाठी अंकांची सोयीची भाषा दिली.

निर्णायक पाऊल टाकले ते जेम्स करी यांनी. ते अमेरिकेच्या कृषी खात्यात दुग्धविभागात चीजचे रसायनशास्त्र अभ्यासत होते आणि बुरशांचे जाणकार चार्ल्स थॉम यांच्यासोबत त्यांनी काळ्या बुरशीच्या अनेक वाणांची तुलना केली होती. १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की, साखरेचे प्रमाण शेकडा १२ ते १५ इतके चढे, नत्र व इतर क्षार मोजकेच आणि द्रव सुरुवातीपासूनच हायड्रोक्लोरिक आम्लाने आंबट केलेला, सामू सुमारे ३.५, असा योग जुळवला तर काळी बुरशी ऑक्झॅलिक आम्ल जवळपास सोडून देते आणि सायट्रिक आम्ल भरघोस देते. यात दुहेरी लाभ होता. इतक्या आंबट द्रवात परक्या जिवाणूंचा शिरकाव होत नसे, त्यामुळे व्हेमर यांना छळणारा प्रश्न आपोआप मिटला. आणि आम्ल झाल्यानंतर ते खडूने निष्प्रभ करण्याची जी जुनी सवय होती, तीच खरे तर बुरशीला ऑक्झॅलिक आम्लाकडे वळवीत होती हेही उघड झाले. किण्वनाच्या इतिहासात साध्या बदलाने एवढा पालट घडल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि करी यांचे नाव सामान्य वाचकाला आज ठाऊक नसावे ही गोष्ट खटकणारी आहे.

करी त्याच वर्षी फायझर कंपनीत गेले. पहिल्या महायुद्धामुळे इटलीहून येणाऱ्या मालाचा भरवसा उरला नव्हता, त्यामुळे कंपनीला पर्याय हवाच होता. १९१९मध्ये ब्रुकलिनच्या कारखान्यात उथळ परातींमध्ये साखरेचा आंबट द्रव ओतून त्यावर बुरशीची साय धरवण्याचे काम सुरू झाले, आणि करी यांच्या हाताखाली जॅस्पर केन हा किशोरवयीन मदतनीस हे तंत्र शिकू लागला. त्याच सुमारास बेल्जियममध्ये आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियात असे कारखाने निघाले, त्यांपैकी शेवटचा तर साखर कारखान्याच्या स्वस्त मळीवर चालू लागला. अमेरिकेने इटालियन सायट्रेट घेणे दहा-बारा वर्षांत जवळपास थांबवले. सिसिलीच्या बागांत पडलेल्या लिंबांना मिळणारा भाव त्याबरोबरच गेला. ज्या शेतकऱ्यांच्या उत्पन्नातील हा वाटा नाहीसा झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांना काळ्या बुरशीचे नाव ऐकूनही ठाऊक नसणार.

पुढची तीन दशके कारखानदारांनी पाककृती गुप्त ठेवून सुधारली. लोह आणि विशेषतः मँगनीज यांचा किंचितसा अंशही द्रवात राहिला तर उत्पादन घटते हे ध्यानात आले, परातींऐवजी हवा खेळवलेल्या खोल टाक्या आल्या, आणि प्रत्येक कारखान्याने सामूची आपापली पद्धत बसवली. दरम्यान टाक्यांत वाढवलेल्या बुरशीचा अनुभव दुसऱ्या, अधिक तातडीच्या कामी आला. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनची निकड निर्माण झाली तेव्हा सायट्रिक आम्लावर हात बसलेल्या जॅस्पर केन यांनीच ते खोल टाक्यांत करण्याचा आग्रह धरला, आणि १ मार्च १९४४ रोजी ब्रुकलिनमधील बर्फाच्या एका जुन्या कारखान्यात प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या १४ टाक्यांनिशी हे उत्पादन सुरू झाले. येथे आम्लतेचा नियम मात्र उलटा होता. अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या कारखान्यातील सांडद्रव वापरून जे मिश्रण बसवले होते, त्यात पेनिसिलियम बुरशी आधी साखर व आम्ले संपवून टाकी, अमिनो आम्लांतून अमोनिया मोकळा करी, द्रवाचा सामू ७च्या वर सरकू लागे आणि त्या अवस्थेत पेनिसिलिन साठत जाई. म्हणून आम्लता वाढू नये यासाठी मिश्रणात खडू घातला जाई. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे स्थापन झालेल्या आणि १९५५पासून उत्पादन करू लागलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या टाक्याही याच तंत्राच्या वारशातल्या होत्या, आणि सामूवर अहोरात्र लक्ष ठेवणे हे तेथील कामाचे नित्याचे अंग होते.

एक बुरशी आंबट द्रवात एक पदार्थ देते आणि तिचीच भावकी अल्क द्रवात दुसरा पदार्थ देते, हे असे अनुभवाने पक्के झाले. परंतु बुरशीला भोवतालची आम्लता कळते कशी आणि कळल्यावर ती आपले वर्तन बदलते कशी, याचे उत्तर कारखान्यांत मिळण्यासारखे नव्हते. ते आले आनुवंशिकीतून, आणि तेही ज्या बुरशीचा व्यापाराशी फारसा संबंध नव्हता अशा ॲस्परजिलस निड्युलान्सच्या अभ्यासातून. इटलीतील ज्यूविरोधी कायद्यांमुळे ब्रिटनमध्ये राहिलेले ग्विडो पोंटेकोर्व्हो यांनी ग्लासगो येथे या बुरशीची निवड केली, कारण तिच्यात लैंगिक आणि अलैंगिक अशा दोन्ही प्रकारे प्रजनन होते, तिची वसाहत दोन-तीन दिवसांत वाढते आणि तिच्यातील बदललेले वाण, म्हणजे उत्परिवर्ती, रंगावरून व खाद्यावरून सहज ओळखता येतात. १९५३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधाने ही बुरशी जनुकशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आणली.

या परंपरेत गॉर्डन डॉर्न यांनी १९६५ साली फॉस्फेटेज विकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. फॉस्फेटेज हे सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट सुटे करून बुरशीला स्फुरद मिळवून देते. त्यांतले एक विकर आम्ल परिस्थितीत काम करते, दुसरे अल्क परिस्थितीत. डॉर्न यांनी वसाहतींवर रंगद्रव्ये टाकून ज्यांच्यात यांपैकी एक विकर कमी पडते असे वाण वेचले. अल्क फॉस्फेटेज कमी असणाऱ्यांना पॅल आणि आम्ल फॉस्फेटेज कमी असणाऱ्यांना पॅक अशी नावे दिली, आणि प्रत्येक गटात एकाहून अधिक जनुके निघाली. एका विकरासाठी इतकी जनुके का लागावीत, हा प्रश्न त्यानंतर वीस वर्षे उभाच राहिला.

हर्बर्ट आर्स्ट, मार्क कॅडिक आणि ॲलन ब्राउनली यांनी १९८६ साली त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर बुद्धीच्या निखळपणाचा नमुना आहे. त्यांनी दाखवले की, बहुतेक पॅल वाण हे प्रत्यक्षात अल्क द्रवातही आपण आम्ल द्रवात आहोत अशा थाटात वागतात : त्यांच्यात एकच विकर नव्हे, तर आम्ल परिस्थितीला साजेशी विकरांची आणि पेशीपटलातून अन्न आत घेणाऱ्या प्रथिनांची संपूर्ण फळी कामाला लागलेली असते. उलट, पॅक-सी या जनुकातील काही बदल असलेले वाण आम्ल द्रवातही अल्क द्रवात असल्यासारखे वागतात. म्हणजे बिघाड फॉस्फेटेजमध्ये नव्हता, तर सामूची वार्ता पेशीपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेत होता. यामागचा युक्तिवादही पटण्याजोगा आहे. पेशीच्या आतला सामू बुरशी कसोशीने उदासीन पातळीजवळ राखते, त्यामुळे आतल्या विकरांना बाहेरच्या आम्लतेची पर्वा नसते. परंतु जी विकरे बाहेर सोडायची, जी प्रथिने पेशीपटलावर बसवायची आणि जी रसायने शत्रूविरुद्ध वापरायची, ती बाहेरच्या परिस्थितीत उपयोगी पडतील अशीच निवडणे भाग असते. निड्युलान्स ही सामूच्या सुमारे आठ अंकांइतक्या विस्तृत पट्ट्यात वाढू शकते ती या निवडीच्या बळावर.

या यंत्रणेचे भाग पुढील दोन दशकांत लंडनमधील आर्स्ट आणि माद्रिदमधील मिगेल आंखेल पेन्याल्व्हा यांच्या गटांनी मुख्यतः सुटे केले. जोन टिलबर्न आणि सहकाऱ्यांच्या १९९५च्या शोधनिबंधाने सिद्ध झाले की पॅक-सी हे जनुकांच्या चालू-बंदचे नियंत्रण करणारे प्रथिन असून, जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या तीन घड्यांच्या साहाय्याने ते डीएनएवरील विशिष्ट अक्षरमालिकेला चिकटते. रोलँ यांनी ज्या धातूची गरज सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली होती, तो येथे अशा एका कामी गुंतलेला दिसतो. आम्ल द्रवात पॅक-सी पूर्ण लांबीचे असते. त्याचा शेपटाकडील भाग उरलेल्या भागावर दुमडून बसलेला असल्याने ते निष्क्रिय राहते. द्रव अल्क झाला की पेशीपटलात रुतलेले पॅल-एच हे सात वेळा पटल ओलांडणारे प्रथिन, पॅल-आय या साहाय्यकासह, ती स्थिती टिपते आणि त्याला जोडलेले पॅल-एफ सक्रिय होते. पॅल-एफ हे अरेस्टिन कुळातले आहे, म्हणजे माणसाच्या डोळ्यातील आणि संप्रेरकांच्या ग्राहकांवरील संदेश हाताळणाऱ्या प्रथिनांच्या नात्यातले. हे नाते २००५मध्ये उघड झाले. पॅल-एफच्या हालचालीनंतर पॅल-सी, पॅल-ए आणि पॅल-बी ही प्रथिने पटलाजवळ एकत्र येतात आणि त्यासाठी पेशी एरवी पटलावरील प्रथिने विल्हेवाटीकडे नेण्यासाठी वापरते तीच यंत्रणा उसनी घेतली जाते. पॅल-ए पॅक-सीला पकडून पुढे करते, पॅल-बी हे कॅल्पेनसारखे विकर त्याचा शेपटाकडील भाग कापते, आणि त्यानंतर प्रथिनांचे तुकडे करणारा प्रोटिएसोम उरलेल्याचाही आणखी मोठा भाग काढून टाकतो. पहिला काप सामूवर अवलंबून असतो, दुसरा नसतो. शेवटी उरते ते मूळ प्रथिनाच्या सुमारे एकतृतीयांश लांबीचे, केंद्रकात जाऊन अल्क परिस्थितीची जनुके जागवणारे आणि आम्ल परिस्थितीची जनुके थोपवणारे रूप.

या संशोधनाचा उद्योगाशी थेट दुवा १९९०च्या दशकाच्या आरंभीच जुळला. निड्युलान्सही पेनिसिलिन करते, आणि त्याच्या निर्मितीतील एका प्रमुख विकराचे जनुक पॅक-सीच्या अल्क रूपाने थेट जागवले जाते, हे लंडन-माद्रिदच्या गटांनी दाखवले. पॅक-सी कायमचे सक्रिय असलेल्या वाणांनी आम्ल द्रवातही नेहमीपेक्षा अधिक पेनिसिलिन दिले. पिओरियाच्या खडूने आणि पिंपरीच्या सामूमापकाने जे साधले जात होते, त्याचे कारण अशा रीतीने जनुकाच्या पातळीवर सापडले. त्याच काळात यीस्टमध्ये रिम या नावाने ओळखली जाणारी समांतर यंत्रणा उजेडात आली, आणि माणसाला संसर्ग करणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये तीच यंत्रणा बिघडवली तर तंतू धरण्याची व रोग घडवण्याची तिची क्षमता खालावते, असे प्रयोगांत आढळले.

सायट्रिक आम्लाच्या बाबतीत मात्र करी यांच्या नियमाचा उलगडा काहीसा वेगळा निघाला. काळी बुरशी ऑक्झॅलिक आम्ल तयार करते ते ऑक्झॅलोॲसिटेटचे विघटन करणाऱ्या एका विकरामुळे, आणि हे विकर सामू ५ ते ६ असताना तयार होते, आम्लता चढली की होत नाही. ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करणारे विकरही फार आम्ल द्रवात टिकत नाही. १९९९मध्ये नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन येथील संशोधकांनी ही दोन्ही विकरे नसलेला वाण वापरला, तेव्हा त्याने सामू ५ला आणि मँगनीज असतानाही सायट्रिक आम्ल दिले. म्हणजे करी यांनी सांगितलेली तीव्र आम्लता सायट्रिक आम्लाच्या निर्मितीसाठी अपरिहार्य नव्हती. साखर दुसऱ्या आम्लांकडे वाहू न देणे हे तिचे काम होते. हे समजल्यानंतरही जगभरचे कारखाने आपला द्रव आंबटच राखतात, कारण त्यामुळे जिवाणूही स्वस्तात दूर राहतात.